उकिरड्यावर औषध मारण्याआधी



माशी म्हटली की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. एक तिला हाकलणे आणि दुसरी तिला मारणे. तिच्याकडे नीट पाहणे ही तिसरी गोष्ट फारसे कोणी करीत नाही. या लेखात मी तुम्हांला ती तिसरी गोष्ट करायला सांगणार आहे. ती केल्यावाचून पहिल्या दोन गोष्टीही आपल्याला धड जमणार नाहीत, असे माझे मत आहे.

गोठ्यामागच्या उकिरड्यावरची एखादी माशी काचेच्या स्वच्छ बरणीत धरा. ती काचेवर चालू लागली म्हणजे बाहेरून भिंग लावून तिच्या पोटाची बाजू पाहा. दहा-वीस माश्या अशा पाहिल्यात तर एखादीच्या पोटाला खसखशीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका चिकटलेला दिसण्याचा संभव आहे. तो घाणीचा कण आहे असे समजून सोडून देऊ नका. भिंग चांगले असेल तर त्या ठिपक्याला पाय दिसतील. ते मोजा. ते आठ भरतील.

कीटकाला पाय सहा असतात हे तुम्हांला ठाऊक आहे. आठ पायांचे म्हणजे कोळी, विंचू, गोचीड यांच्या गोतातले. या गोताला अष्टपाद वर्ग म्हणतात. माशीच्या पोटावरचा हा जीव त्याच गोतातला असून त्याला माइट असे म्हणतात. पिकावर पडणारा लाल कोळी शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. तोही एक माइटच. पण तो पानांतला रस शोषतो, आणि आपल्या या माइटचा धंदा अगदी निराळा आहे.

आता मी विचारतो, हा माइट माशीच्या पोटावर बसून काय करीत असेल? तुम्ही चटकन सांगाल, ‘रक्त पीत असेल, दुसरे काय!’ बैलाच्या कानामागे गोचीड आणि कुत्र्याच्या अंगावर पिसवा आपण रोज पाहतो, त्यामुळे एका प्राण्यावर दुसरा बसलेला दिसला की तो परोपजीवी, असा निकाल आपण देऊन टाकतो. पुस्तकातल्या व्याख्या पाठ झाल्या की ही सवय अधिकच पक्की होते. पण हा माइट बहुधा काहीच खात नसतो. तो प्रवास करीत असतो!

एका प्राण्याने दुसऱ्याचा केवळ वाहन म्हणून उपयोग करणे, याला विज्ञानात फोरेसी असे नाव आहे. वाहून नेणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले. पिएर लेन या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८९६ साली ते रूढ केले. त्याच्यासमोर उदाहरण होते ते शेणाचे गोळे लोटीत नेणाऱ्या भुंग्यावर बसून फिरणाऱ्या चिमुकल्या माश्यांचे. म्हणजे माशी ही जशी गाडी होते, तशी ती प्रवासीही होते. पुढे १९७१ साली फॅरिश आणि ॲक्सटेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी आपल्या याच माइटचा अभ्यास करून फोरेसीची व्याख्या नेमकी केली. प्रवाशाने स्वतः होऊन वाहन शोधले पाहिजे, थोडा काळच त्याला धरून राहिले पाहिजे, आणि तेवढ्या काळात त्याचे खाणे व वाढ दोन्ही थांबली पाहिजे.

या माइटचे शास्त्रीय नाव मॅक्रोकेलिस मस्कीडोमेस्टिकी असे लांबलचक आहे. नावाच्या उत्तरार्धात घरमाशीच दडलेली आहे. १७७२ साली स्कोपोली या निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. हा माइट जगभर आढळतो, आणि शेणावर राहणारे त्याचे भाईबंदही पुष्कळ आहेत.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे माझ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अंतराचा. माइटची लांबी एक मिलिमीटर धरा. एका गोठ्यापासून दुसरा गोठा अर्धा किलोमीटर दूर आहे असे समजा. अर्धा किलोमीटर म्हणजे पाच लाख मिलिमीटर, म्हणजे माइटच्या पाच लाख लांब्या. तुमची उंची दीड मीटर असेल तर तुमच्या मानाने हे अंतर साडेसातशे किलोमीटर होते. मुंबईहून नागपूरला पायी जाण्यासारखेच हे झाले, आणि तेही वाटेत ढेकळे, ऊन आणि मुंग्या यांना तोंड देत! माशी मात्र सेकंदाला दोनेक मीटर या वेगाने उडते. सरळ गेली तर चार-साडेचार मिनिटांत ती हे अंतर कापते.

दुसरा प्रश्न ओझ्याचा. माइट म्हणजे एक मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद आणि पाव मिलिमीटर जाड अशी एक पेटी धरू. तिचे घनफळ एक अष्टमांश घन मिलिमीटर होते. एक घन मिलिमीटर पाण्याचे वजन एक मिलिग्रॅम, म्हणून आपला माइट सुमारे एक अष्टमांश मिलिग्रॅमचा. घरमाशी साधारण बारा मिलिग्रॅमची असते. म्हणजे प्रवासी हा गाडीच्या जवळजवळ शंभराव्या हिश्शाइतका भरला. तुमचे वजन चाळीस किलो असेल तर हे ओझे चारशे ग्रॅमचे होईल. ते तुम्हांला जाणवणारही नाही. पण असे दहा प्रवासी बसले की ओझे चार किलोचे होते, आणि चार किलोचे दप्तर घेऊन धावणे कसे असते हे तुम्हांला सांगायला नको.

तिसरा प्रश्न सर्वांत मजेचा. माशी सेकंदाला सुमारे दोनशे वेळा पंख हलवते, गिरक्या घेते, उलटी होऊन छताला बसते. मग माइट खाली कसा पडत नाही? गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात याची किल्ली दिली आहे. एखादी वस्तू लांबीने हजारपट लहान केली तर तिच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ दहा लाखपट कमी होते, पण वजन शंभर कोटीपट कमी होते. पकड ही क्षेत्रफळावर अवलंबून असते. म्हणून लहान जिवाची पकड त्याच्या वजनाच्या मानाने फार बळकट ठरते.

पण थांबा! वाऱ्याचा माराही क्षेत्रफळावरच अवलंबून असतो. तेव्हा एवढ्याशा जिवाचा खरा शत्रू गुरुत्वाकर्षण नसून वारा आहे. त्यावरचा उपाय तुमच्या घरातल्या पंख्यावर पाहायला मिळेल. पंख्याचे पाते एवढ्या वेगाने फिरते, तरी त्यावर धूळ बसतेच. कारण पात्याला अगदी लागून असलेला हवेचा पातळ थर पात्याबरोबरच फिरतो आणि धुळीला वारा लागत नाही. माशीच्या अंगालगतही असा मंद हवेचा थर असतो, आणि हिशेब केला तर त्याची जाडी एक मिलिमीटरच्या घरातली निघते. माइट चपटा होऊन पोटाखाली चिकटतो तो या आडोशाला, आणि तोंडाजवळच्या चिमट्यांनी माशीच्या अंगाला पक्के धरून ठेवतो.

हे झाले प्रवास कसा होतो त्याचे. आता तो का करावा लागतो ते पाहू. शेणाचा पो ही काही कायमची वस्ती नव्हे. आपल्या बीडच्या उन्हात तर दोन-चार दिवसांत त्याची गोवरी होते. ओलावा गेला, अन्न संपले की तेथे राहणे अशक्य. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात; कोणी हौसेने घर सोडीत नाही. तुलना मात्र येथेच थांबवू. माणसाच्या मागे उचल, मुकादम आणि मुलांची बुडणारी शाळा असते, आणि तो प्रश्न निसर्गाने नव्हे, आपणच सोडवायचा आहे.

शेण वाळू लागले की माइटची मादी वाहन शोधते. नर सहसा प्रवास करीत नाहीत. माशीच ती का निवडते? कारण माशीला स्वतःलाच अंडी घालण्यासाठी ताजे, ओले शेण हवे असते. तेव्हा गाडी कोठे जाईल याची चिंता प्रवाशाला नाही. दोघांचे ठिकाण एकच. ताज्या शेणावर माशी उतरली की वासाने ठिकाण ओळखून माइट उतरतो. मादीच्या फलित न झालेल्या अंड्यांतून नर आणि फलित अंड्यांतून माद्या निपजतात, त्यामुळे एकटी मादीदेखील नवी वसाहत उभी करू शकते. उबदार हवेत अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला सुमारे तीन दिवस पुरतात.

आणि तेथे उतरून हा माइट खातो काय? माशीची अंडी आणि नुकत्याच फुटलेल्या अळ्या! ज्या माशीने फुकट आणून सोडले, तिचीच पिल्ले तो फस्त करतो. तुम्ही याला कृतघ्नपणा म्हणाल. निसर्गाच्या वहीत असा रकाना नाही. पण आपल्या वहीत मात्र एक नोंद करायला हवी. ज्याला आपण माशीवरची घाण समजत होतो, तो माशीचा वैरी आणि आपला मित्र निघाला.

हे सारे इतके सरळ नाही, हेही सांगतो. अमेरिकेतील सोनोरन वाळवंटात कुजणाऱ्या निवडुंगावर वाढणाऱ्या फळमाश्यांवर याच कुळातला दुसरा एक माइट बसतो. तो प्रवासात माशीच्या अंगातला रसही चोखतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे प्रवासी आणि परोपजीवी यांच्यामधली रेघ आपण समजतो तेवढी ठळक नाही. बसमध्ये फुकट बसलेला कधी ड्रायव्हरचा डबाही उघडतो! म्हणूनच मी म्हणतो की व्याख्या पाठ करण्याआधी प्राणी पाहावा.

वाहन शोधणारे इतरही अष्टपाद आहेत. छद्मविंचू म्हणजे नांगी नसलेले, दोन-तीन मिलिमीटरचे खोटे विंचू. ते माशीचा पाय आपल्या चिमट्यात पकडतात आणि लोंबकळत जातात. बाल्टिक समुद्राकाठी सापडणाऱ्या, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या राळेतही कीटकाला धरून बसलेले छद्मविंचू मिळाले आहेत. कोळ्यांना तर वाहनही लागत नाही; त्यांची पिल्ले रेशमाचा धागा सोडून हवेत तरंगत जातात. १८३२ साली बीगल जहाजावर असताना डार्विनने किनाऱ्यापासून सुमारे साठ मैलांवर असे कोळी दोरखंडांवर उतरलेले पाहिले. हे केवळ वाऱ्याचे काम नाही. निरभ्र दिवशी जमिनीलगतच्या हवेत मीटरमागे सुमारे शंभर व्होल्टचे विद्युतक्षेत्र असते, आणि वारा नसतानाही अशा क्षेत्रात कोळी उडण्याची तयारी करतात, हे ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली दाखवले. त्याच विद्यापीठात २०२३ साली असेही आढळले की जनावराच्या केसांवरील स्थिर विद्युतभार गोचिडीला हवेतून ओढून घेऊ शकतो. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, त्यातलाच हा प्रकार. पदार्थविज्ञान आणि प्राणिशास्त्र यांच्यामध्ये भिंत आहे ती फक्त वेळापत्रकात!

आता मूळ मुद्द्यावर येतो. गावात माश्या वाढल्या की पहिली हाक असते, ‘उकिरड्यावर औषध मारा!’ पंप येतो, वास सुटतो, दोन दिवस माश्या दिसत नाहीत आणि सर्वांना समाधान वाटते. माझे म्हणणे असे की, सरसकट औषध मारण्याची ही रीत शहाणपणाची नाही. याचे कारण वर सांगितलेल्या प्रवासातच आहे.

असा विचार करा. औषधाने माश्या मेल्या, अळ्या मेल्या, तसे माइटही मेले आणि अळ्या खाणारे छोटे भुंगेही मेले. औषधाचा जोर ओसरला आणि त्यावर नवे शेण पडले. शेजारच्या आळीतून माश्या उडत आल्या. एक मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून नवी माशी तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. माइटला मात्र स्वतःचे पंख नाहीत. तो येणार माशीवर बसून, आणि प्रत्येक माशी काही प्रवासी घेऊन येत नाही. म्हणजे शत्रू आधी पोहोचला आणि रखवालदार मागे राहिला. शिवाय माशी औषधाला लवकर निर्ढावते. डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या १९४० च्या दशकातच युरोपात आढळू लागल्या होत्या.

‘मग काय माश्यांना नमस्कार करायचा?’ असे कोणी विचारील. मुळीच नाही. माशी हगवणीसारख्या रोगांचे जंतू वाहून नेते, हे खरे आहे आणि त्याकडे डोळेझाक करणे हा गुन्हाच ठरेल. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यात जागोजागी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. एका मैदानात शेकडो जनावरे, शेजारीच त्यांची माणसे, तेथेच स्वयंपाक. अशा ठिकाणी माश्यांचा बंदोबस्त करावाच लागतो. प्रश्न एवढाच की, तो कसा करावा?

माशीच्या अळीला ओलावा लागतो. म्हणून शेण पातळ पसरून वाळवणे, उकिरडा घरापासून व विहिरीपासून दूर नेणे, गोबरगॅस किंवा बंद खड्ड्याचा उपयोग करणे आणि अन्न झाकून ठेवणे हे पहिले उपाय. औषध वापरणे भागच पडले तर ते माश्या जेथे बसतात त्या भिंतींवर आणि खांबांवर, जाणत्या माणसाच्या सल्ल्याने मारावे. शेणाच्या ढिगावर ओतू नये. कोंबड्यांच्या मोठ्या शेडांसाठी तर तज्ज्ञ असे सांगतात की, खत उचलताना सगळे खरवडून नेऊ नये, जुन्या कोरड्या खताचा थोडा थर तसाच ठेवावा. त्या थरात माइट आणि भुंगे टिकून राहतात आणि नव्या खतात लगेच पसरतात. खर्च शून्य! ज्याने पहिल्यांदा हा उपाय सुचवला असेल, त्याने आधी नक्कीच वाकून, नाक धरून, त्या खतात पाहिले असले पाहिजे.

मुलांनो, येथे तुमचा संबंध येतो. दरवर्षी विज्ञान प्रदर्शनात थर्मोकोलचा ज्वालामुखी उभा राहतो. तो पाहून मला वाईट वाटते. ज्वालामुखी जगात आहेत, पण थर्मोकोलच्या ज्वालामुखीतून नवे काहीच कळत नाही. तुमच्या गोठ्यामागच्या माशीवर कोण बसले आहे, हे मात्र कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते पाहणारे पहिले तुम्हीच असाल. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, पाटोदा, धारूर किंवा आष्टीच्या वस्तीवरच्या मुलालाही ते करता येईल.

कसे करायचे ते सांगतो. दर आठवड्याला एका ठरलेल्या वेळी पन्नास माश्या बरणीतून पाहा आणि सोडून द्या. किती माश्यांवर माइट होते, एकीवर जास्तीत जास्त किती होते आणि ते शरीराच्या कोणत्या भागावर होते, हे वहीत लिहा. शेण ताजे होते की वाळलेले, पाऊस पडला होता का, हेही लिहा. पावसाळ्यात शेणाचे गोळे लोटणारा शेणकिडा सापडला तर त्याला उलटा करून पोटाकडची बाजू पाहा; त्याच्यावरही हे प्रवासी पुष्कळदा असतात. एक पथ्य मात्र पाळा. माश्या व शेण उघड्या हाताने हाताळू नका, आणि काम संपले की साबणाने हात धुवा.

गावात औषध मारलेले आणि न मारलेले असे दोन्ही प्रकारचे उकिरडे असतील तर फारच उत्तम. दोन्हींकडच्या माश्या निरनिराळ्या मोजा. एकाच उकिरड्यावरून निष्कर्ष काढू नका; तीन-चार शाळांनी मिळून तीन-चार महिने नोंदी केल्या तरच त्यांना वजन येईल. औषधानंतर महिन्याभरात माश्या पुन्हा पहिल्याइतक्या झाल्या आणि माइट मात्र दिसेनासे झाले, तर माझ्या मताला आधार मिळाला असे समजा. तसे झाले नाही, तर ते मत तुम्ही खुशाल खोडून काढा. तुमचा तक्ता माझ्या लेखापेक्षा मोठा.

तो तक्ता घेऊन ग्रामसभेत जा. तेथे तुम्हांला कोणी हसेल, ‘माशीच्या अंगावरचे किडे मोजत बसलात काय?’ असे विचारील. शांतपणे सांगा, होय, पन्नास माश्या मोजल्या, त्यांपैकी इतक्यांवर इतके होते. आणि पंप सुरू करण्याआधी आपण सर्वांनी एकदा भिंगातून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.